हात न लावता

आमच्या पेठेत घरोघरी असेंबल केलेले संगणक आले, त्या दिवसांत संगणकाबरोबर एक मुलगाही येत असे. कुणाचा तरी भाचा, कुणाच्या तरी क्लासमधला, डिप्लोमा अर्धवट सोडलेला. संगणक हँग झाला, व्हायरस आला, अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले, की त्याला फोन जाई. तो तीन घरं उरकून रात्री उशिरा येई, खुर्ची ओढून घेई आणि पाच मिनिटांत निदान सांगे, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मग सॅकमधून सीडींचं पाकीट निघे. त्यातल्या एका सीडीवर मार्करनं ‘एक्सपी’ लिहिलेलं असे आणि तिची पंचवीस अक्षरांची किल्ली त्याला तोंडपाठ असे. ती सीडी कुणाची, परवाना कुणाचा, हे आम्ही विचारत नव्हतो आणि तोही सांगत नव्हता. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की महत्त्वाचं काही सी ड्राइव्हवर ठेवायचं नाही. फॉरमॅटमध्ये सी जातो, डी राहतो. घरातल्या आजींनासुद्धा नातवाच्या मुंजीचे फोटो ‘डीला’ आहेत हे माहीत असे.

त्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. भर पावसात भिजत येऊन त्यांनी माझ्या दिवाळी अंकांची पानं वाचवली आहेत. ज्ञान हाच त्यांचा चरितार्थ होता, ते वाटत सुटणं त्यांना परवडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही शिकायचं कुठं होतं? आम्हाला संगणक ‘नीट’ करून हवा होता. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि माझ्या वयाच्या पुष्कळांनी तिथंच पहिल्यांदा माउस हातात धरला. कुठलं बटण कुठल्या कोपऱ्यात असतं हे कळलं, नोकरीतली बढती मिळाली, विषय संपला. बटण त्या कोपऱ्यात नसेल तर काय, हा प्रश्न आला की पुन्हा त्या मुलाला फोन. तो खुर्चीत बसायचा आणि आम्ही मागे चहा घेऊन उभे. पडद्यावर तो काय करतो ते कधी कळलं नाही, त्याची पाठ तेवढी पाठ झाली.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रकाशकांची पुस्तकं, दोन-तीन दिवाळी अंक, अधूनमधून एखाद्या संस्थेची स्मरणिका. माझा लॅपटॉप जुना आहे पण ठणठणीत आहे, आणि त्याच्या कळा माझ्या बोटांना इतक्या सरावल्या आहेत की अंधारातही रफार चुकत नाही. विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार, हे मायक्रोसॉफ्टनं फार आधीपासून सांगून ठेवलं होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्रात दोन्ही नव्हतं. ज्यांना दहावरच थांबायचं होतं त्यांना आणखी वर्षभराच्या सुरक्षा दुरुस्त्यांची वाटही ठेवलेली होती. तेव्हा कुणी मला रस्त्यावर काढलं नव्हतं. पण चालता लॅपटॉप एका चिपपायी भंगारात द्यायचा, हे माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटेना. त्याच सुमारास केडीई आणि तिच्यासारख्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी ‘एंड ऑफ टेन’ म्हणून मोहीम काढली होती. यंत्र फेकू नका, त्यावर लिनक्स टाका, आणि एकट्यानं जमत नसेल तर जवळच्या माणसांकडे जा. भाचीनं हे सांगितलं आणि वर म्हणाली, ‘मावशी, आपल्याकडे शनिवारी जमतात अशी माणसं. तू फक्त चार्जर विसरू नकोस.’

पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळी पूर्वीपासून आहेत. मी गेले तो गट अगदी लहान, एका शिक्षणसंस्थेनं शनिवारी संध्याकाळी वापरायला दिलेल्या वर्गात जमणारा. फळ्यावर कुणाच्या तरी तासाचं अर्धवट पुसलेलं समीकरण होतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, संगणकदुरुस्तीचं दुकान असलेला एक जण, भोरकडच्या शाळेतले एक शिक्षक, आणि खोलीत कुणी नुसतं ‘लिनक्स’ म्हटलं की ‘ग्नू-लिनक्स’ अशी दुरुस्ती करणारा एक तरुण. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घांवर लाल शाई ओतलेल्या बाईला या तरुणाचा राग येणं शक्यच नव्हतं. बायका मात्र त्या खोलीत कमीच.

माझ्या वाट्याला ती इंजिनिअरिंगची मुलगी आली. मी सवयीनं खुर्ची रिकामी करून दिली. ती बसली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, ‘काकू, तुम्हीच बसा. मी हात लावणार नाही.’

आधी मला तो आळस वाटला. मग वाटलं, जबाबदारी टाळते आहे. उद्या काही बिघडलं तर ‘मी कुठं हात लावला’ म्हणायला मोकळी. तासाभरानं लक्षात आलं की हा त्या मंडळींचा रिवाजच आहे. शेजारच्या बाकावर टेलिफोनवाले काका आणि त्यांचा पाहुणाही तसेच बसले होते, पाहुणा कळा दाबतोय आणि काका हाताची घडी घालून. काकांना ते फार जड जात होतं हे दिसत होतं. मधूनच त्यांचं बोट पुढं यायचं आणि मागं जायचं.

पेन ड्राइव्ह लावून त्यावरूनच यंत्र सुरू केलं. विंडोज जिथल्या तिथं, लॅपटॉपवर अजून काहीच उतरवलेलं नाही, आणि पडद्यावर लिनक्स मिंट. ‘आधी नुसतं वापरून बघा. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, तुमचा कीबोर्ड बरोबर लिहितो का. नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढून घरी जा.’ दुकानात साडी अंगावर टाकून बघू देतात तेवढंसुद्धा स्वातंत्र्य मला संगणकाच्या बाबतीत पूर्वी कुणी दिलं नव्हतं. टेलिफोनवाले काका हे ऐकून जुन्या दिवसांत शिरले. २००४ साली उबंटू निघालं तेव्हा मागणी नोंदवली की परदेशातून टपालानं सीडी यायची, पाकिटासकट फुकट. मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपनीची ती योजना २०११पर्यंत चालली. काकांनी सीडींचे गठ्ठे मागवले होते आणि ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाटले होते. ‘लावल्या किती जणांनी?’ मी विचारलं. ‘ताई, दोघांच्या घरी त्या खिडकीत कबुतरं हाकलायला टांगलेल्या पाहिल्या.’

मिंट हे उबंटूवर उभं आहे, उबंटू डेबियनवर. डेबियन १९९३ साली इयान मर्डॉक नावाच्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलं आणि आजही ते स्वयंसेवकच चालवतात. या सगळ्यांच्या तळाशी लायनस टॉरवाल्ड्सचं कर्नल. हेलसिंकीतल्या या एकवीस वर्षांच्या मुलानं ऑगस्ट १९९१मध्ये जाहीर केलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, ती काही फार मोठी व्हायची नाही. पुढच्या महिन्यात त्यानं पहिली आवृत्ती खुली केली ती सुमारे दहा हजार ओळींची. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक त्याच्या त्या छंदावर चालतात आणि आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे. हा इतिहास ती मुलगी मला सांगत होती तो उत्साहापोटी नव्हे, फाइलींची नक्कल व्हायला वेळ लागत होता म्हणून.

नव्या घरात गेल्यावर भिंतीवरचं दिव्याचं बटण चाचपावं लागतं, तेवढंच सुरुवातीचं चाचपडणं. डी ड्राइव्ह कुठं गेला, हा माझा पहिला प्रश्न. सी नाही, डी नाही, सगळं एकाच तिरप्या रेषेपासून सुरू होतं आणि आपलं सामान ‘होम’मध्ये. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत; कळ दाबली गेली की नाही या शंकेनं माणूस हैराण होतो. नवं काही बसवायचं तर इकडूनतिकडून सेटअपची फाइल आणायची नाही, एका ठेवणीतल्या भांडारातून मागायचं. हे सारं दोन बैठकांत अंगवळणी पडलं. अडलं ते वायफायपाशी. माझ्या यंत्रातल्या वायफायच्या चिपचा ड्रायव्हर तिच्या कंपनीनं खुला ठेवलेला नव्हता, म्हणून तो वेगळा उतरवून घ्यावा लागणार होता. उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वायफाय. मी अपेक्षेनं त्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘काकू, या खोलीत इंटरनेट आणखी कशाकशात आहे?’ मी खोलीभर नजर फिरवली आणि मग माझ्याच पर्सकडे. फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडला, त्याचं इंटरनेट यंत्राला दिलं, ड्रायव्हर उतरला. वायर तिच्याही सॅकमध्ये होती. तिनं ती काढली नाही.

या मंडळींकडे काही विचारायला गेलं की उत्तराआधी प्रश्न येतात. काय करत होतात? त्याआधी काय बदललं? पडद्यावर काय आलं? मी म्हणायची, ‘एरर आला.’ ‘काय लिहिलंय त्यात?’ ‘काहीतरी फाइल सापडत नाही असं.’ ‘काहीतरी नको काकू, अक्षर न् अक्षर वाचा. स्वल्पविरामासकट.’ स्वल्पविरामासकट! हे वाक्य मी तरुण लेखकांना किती वर्षं ऐकवत आले आहे. मजकुराचा आशय वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. आशयाच्या नादी लागलं की डोळा चूक गिळतो, हा मुद्रितशोधनाचा पहिला धडा. पडद्यावरच्या एररपुढे मात्र मी इतकी वर्षं आशयाच्याही पुढची होते, तो दिसला की वाचण्याआधीच ‘ओके’ दाबून मोकळी. आता वाचू लागले, तेव्हा कळलं की त्यात बहुतेक वेळा सगळं सांगितलेलं असतं. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरात, कुणाला परवानगी नाही. रुक्ष असतं पण खोटं नसतं. अनेकदा असं झालं की मंडळींना पाठवायला म्हणून सगळं नीट लिहून काढलं, आणि लिहितानाच उत्तर सापडल्यानं पाठवायची वेळच आली नाही.

मराठी मेनूही घेऊन पाहिले. कित्येक स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून ते केले आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण दुसऱ्याला अडचण सांगायची तर त्याच्या आणि माझ्या पडद्यावर एकच शब्द हवा, म्हणून मी इंग्रजीवर परतले. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पातले मराठीत समजावून सांगणारे छोटे धडे मात्र पेन ड्राइव्हवर मिळाले, ते भाजी निवडता निवडता ऐकले.

एका शनिवारी माझ्या घरचा प्रिंटर अडून बसला होता आणि ‘ग्नू-लिनक्स’वाल्या तरुणाला त्याच्या आवडीचा विषय मिळाला. ही सगळी चळवळच मुळी एका प्रिंटरवरून सुरू झाली म्हणाला. १९८०च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा अशी सोय त्यानं त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करून घेतली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, उत्तम, पण त्याचा सोर्स कोड काही आला नाही. कागद अडके आणि माणसं तासभर वाट पाहून प्रिंटरपाशी जात. तो कोड कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाकडे आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याला जाऊन भेटला. प्राध्यापकानं नकार दिला. कोड कुणाला देणार नाही असं त्यानं कंपनीला वचन दिलेलं होतं. स्टॉलमन एक शब्दही न बोलता माघारी आला. १९८३मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९मध्ये जीपीएल हा परवाना आला. सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, आत उघडून पाहावं, बदलावं, वाटावं. मात्र पुढं वाटताना पुढच्यालाही हे सगळे हक्क द्यावेत. टॉरवाल्ड्सनं १९९२मध्ये आपलं कर्नल याच परवान्याखाली आणलं.

ही गोष्ट मी आधी ऐकली नव्हती असं नाही, पण त्या दिवशी मला तो नकार देणारा प्राध्यापक जास्त दिसला. वाईट माणूस असेल असं वाटत नाही. त्याला मदत करायची नव्हती असं नाही, त्यानं मदत न करण्याचा करार केला होता. आमच्याकडे सीडी घेऊन येणाऱ्या मुलाचंही थोडंफार तेच होतं. त्यालाही आत काय चाललंय ते कुठं दिसत होतं? बंद पेटीपुढं तोही आमच्याइतकाच बाहेरचा. फॉरमॅट मारणं हाच त्याला ठाऊक असलेला एक उपाय होता, कारण दुरुस्त करायचं तर आत पाहता यायला हवं. हाताची घडी घालून उभं राहणं त्या मुलीला परवडतं, कारण माझ्यापासून लपवावं असं त्या यंत्रात काही नाही.

खरी गाठ पुढं होती आणि ती लिनक्सची नव्हतीच. माझ्याकडे वीसेक वर्षांचा मजकूर होता. संपादित केलेली पुस्तकं, टिपणं, शुद्धलेखनाच्या याद्या, वडिलांच्या पत्रांच्या टंकलेखित प्रती. बहुतेक सगळा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमधला. नव्या सिस्टिमवर फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ज्यांनी हे कधी भोगलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले देवनागरी मुखवटे. संगणकाच्या लेखी तिथं मराठी नावाची गोष्ट नव्हतीच. कृतिदेवमध्ये आपण ‘मराठी’ लिहिलं की फाइलीत साठायचं ई, जे, के, मग कॅपिटल बी, मग एच. फॉन्ट असेतोवर ते ‘मराठी’ दिसायचं. फॉन्ट काढला की उरायची ती पाच इंग्रजी अक्षरं. त्यात प्रत्येक कंपनीचा मुखवट्यांचा क्रम निराळा. भारतीय मानकांत १९९१ साली इस्की नावाचं प्रमाण आलं होतं, पण फॉन्टच्या आत कुठलं अक्षर कुठं बसवायचं हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं. म्हणून एका प्रेसचा मजकूर दुसऱ्या प्रेसला उघडत नसे आणि लेखक सीडीबरोबर फॉन्टही पाठवत असत. विंडोजवर फॉन्ट होते म्हणून हे सगळं झाकून राहिलं होतं. माझी वीस वर्षं मराठीत आहेत अशा समजुतीत मी होते, आणि ती होती इंग्रजी अक्षरांत.

पेजमेकरच्या फाइली तर उघडतीलच कशाला, असं मी धरून चालले होते. त्या उघडल्या. पेजमेकर बंद पडून किती काळ लोटला, तरी त्याच्या फाइलींची बांधणी बाहेरून उकलून ती वाचणारा कोड स्वयंसेवकांनी लिहिला आणि २०१५मध्ये आलेल्या लिब्रेऑफिसच्या आवृत्तीत घातला. ज्या कंपनीचं ते उत्पादन, तिलाही आता त्यात रस नाही. या मंडळींना का असावा? कुणाचं तरी काहीतरी आत अडकलं असेल, एवढ्याच कारणासाठी.

आता चिवड्याचं मराठी करायचं. ते काम मंडळींनी अंगावर घेतलं, म्हणजे माझ्याच अंगावर टाकलं. त्या मुलीनं आणि भोरच्या सरांनी पायथनमध्ये रूपांतराचा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. एका कळेला एक अक्षर अशी यादी करणं सोपं, ती संध्याकाळभरात झाली. मग गमती सुरू झाल्या. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी आधी उमटते आणि व्यंजन नंतर, कारण टाइपरायटरवर डावीकडून उजवीकडे तसंच दिसतं. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी; दाखवताना ती डावीकडे दाखवायची हे काम संगणकाचं. म्हणून ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षरापलीकडे नेऊन ठेवावी लागते, आणि त्यासाठी जोडाक्षर कुठं संपतं ते आधी ओळखावं लागतं. रफाराचं बरोबर उलटं. जुन्या फॉन्टांत तो शेवटी डोक्यावर चढवायचा, युनिकोडमध्ये ‘र’ सगळ्यांत पुढे.

आणि मग आपला तो अर्धचंद्रासारखा र. ‘दर्या’ समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचं सांगायचं. हिंदीत हा भेद नाही, म्हणून हिंदीच्या आधारावर बेतलेल्या साधनांत तो फार काळ डावलला गेला. प्रोग्रॅमनं माझ्या एका प्रवासवर्णनातल्या सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्या समुद्राखाली घातल्या. पडद्याकडे पाहत ती मुलगी म्हणाली, ‘काकू, हे आम्हाला नाही ठरवता येणार. दोन्ही शब्द बरोबर आहेत.’ त्या खोलीत पहिल्यांदाच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुठल्या शब्दांत अर्धचंद्र आणि कुठल्यांत रफार, याची यादी माझ्याजवळ होती. पहिल्या नोकरीत एका ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी करायला लावलेली, वहीत, शाईनं. ती अर्थातच कुठल्याच फॉन्टात नव्हती.

यादी टाइप करणं माझ्याकडे आलं. रेड हॅटनं २००४मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट यंत्रावर होतेच, वर आयआयटीचा शोभिका घेतला. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचा दिसतो का हे मी सगळ्यांत आधी पाहिलं. दंडाचा हिंदी ‘ल’ मराठी पुस्तकात पाहिला की मला अजूनही परक्याच्या घरात चप्पल घालून शिरल्यासारखं होतं. कळफलकाच्या पद्धतींत इन्स्क्रिप्टबरोबर गमभनसुद्धा सापडलं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याच्या आधीच्या माझ्या युनिकोड फाइलींत लोकांनी अ वर काय काय चंद्र चढवले होते, ते शोधून एकसारखे करणं हा उपोद्योग अजून चालू आहे.

या मदतीचा हिशेब कसा करायचा हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिकडे सावड होती. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या. सावडीत हिशेब तोंडी असला तरी काटेकोर असतो, एक दिवस चुकला तर बोलणं होतं. आणि इर्जिक होतं. एखाद्याची नांगरट मागं पडली की गावातले लोक आपापले बैल घेऊन येत, एका दिवसात रान उलथून देत आणि जेवून जात. इथं सावड जमेना. मी त्या मुलीच्या रानात जाऊन काय करणार? डबा नेला एकदोनदा, तो आवडीनं संपला, पण त्यानं ओझं हलकं झालं नाही. तसं म्हणाले तर टेलिफोनवाले काका हसले, ‘ताई, मला ज्यानं शिकवलं तो मुलगा आता कुठल्या देशात आहे ते मला माहीत नाही. त्याला मी काय देऊ?’ ज्यांनी पेजमेकर उकललं त्यांचं तर मी तोंडही पाहिलेलं नाही. माझी दऱ्यांची यादी जीपीएलखाली ठेवायची की आणखी कुठल्या परवान्याखाली, यावर मात्र खोलीत भांडण झालं, आणि ते मला पावतीसारखं वाटलं.

भांडणं पुष्कळ होतात, हे लपवायला नको. उबंटू की फेडोरा, अमकं एडिटर की तमकं, कंपन्यांनी दिलेले बंद ड्रायव्हर वापरणं हे पाप की व्यवहार. माझ्या वायफायवरून दोघं एकमेकांशी महिनाभर बोलत नव्हते. नवख्या माणसाला ‘आधी मॅन्युअल वाच’ असं तोंडावर फेकणारेही असतात. एक बँकेतल्या बाई अशा एका संध्याकाळनंतर पुन्हा आल्या नाहीत, त्यांनी नवा लॅपटॉप घेतला. मला तो त्यांचा शहाणपणा वाटला. सगळ्यांनी का म्हणून शिकायचं? संगणक नीट चालावा एवढीच अपेक्षा असणं हा काही गुन्हा नाही. पैसे देऊन कुणाकडून तरी काम करून घ्यायचं आणि आपला वेळ आपल्या कामाला द्यायचा, हाही सरळ व्यवहार आहे. माझं एवढंच, की मला अक्षरं वाचायची खोड होती आणि तिला तिथं काम मिळालं.

आता सगळं नवीन लेखन युनिकोडमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये, शुद्धलेखन तपासनिसाच्या लाल रेघांशी वाद घालत. त्यांतल्या निम्म्या रेघा चूक असतात आणि मी त्याच्या शब्दसंग्रहात भर घालते. पण पुस्तक शेवटी छापायचं असतं, आणि माझे एक जुने मुद्रक अजून पेजमेकरवर पानं लावतात, जुन्याच फॉन्टात. त्यांची प्लेटची रीत, ऑपरेटरचा हात, सगळं त्या फॉन्टाला बांधलेलं. तेव्हा माझं युनिकोड पुन्हा चिवड्यात घालून त्यांना द्यावं लागतं. त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग उलट दिशेचा प्रोग्रॅम लिहायला बसली. या बाजूनं वेलांटी पुन्हा आधी, रफार पुन्हा शेवटी. दऱ्यांची यादी मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते.

परवा त्या प्रेसमधल्या ऑपरेटरचाच फोन आला. त्याला तो प्रोग्रॅम त्याच्याकडेच हवा आहे, म्हणजे दर वेळी माझ्यावर अवलंबून राहायला नको. त्याच्या यंत्रावर अजून एक्सपी आहे, ज्याच्या दुरुस्त्या एप्रिल २०१४मध्येच थांबल्या. ‘मॅडम, ते लिनक्स टाकलं तर माझा पेजमेकर चालेल का?’ फाइली उघडतील, पण काम त्याच्या हाताला सवय आहे तसं बहुधा होणार नाही, असं मी सांगितलं. मग विचारलं, सुरू करताना पडद्यावर काय काय येतं? ‘काहीतरी येतं निळं,’ तो म्हणाला. त्याला शनिवारी सीपीयू घेऊन बोलावलं आहे. येण्याआधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळी काढून ठेव म्हटलं, तर म्हणाला, ‘काळजी नको मॅडम, सगळं डीला आहे.’